परवां म्हणजे केव्हां?

मराठी भाषेंत एकाहून एक अवघड शब्द आहेत. परंतु गृहस्थाश्रमांत आणि कचेरींत ज्या शब्दानें सर्वांत अधिक घोटाळे केले असतील, तो कोणाहि कोशकाराला कधीं अवघड वाटला नसेल. तो शब्द म्हणजे 'परवां'. कालच्या मागचा दिवस तोहि परवां आणि उद्यांच्या पुढचा दिवस तोहि परवांच! गेलेलें आणि यावयाचें या दोहोंना एकच नांव देण्यांत आपल्या पूर्वजांनीं काळाविषयीं कांहीं गहन वेदान्त सांगितला असेल. पण वेदान्तानें दूधवाल्याचा हिशेब भागत नाहीं. संस्कृतांत परह्यः आणि परश्वः असे दोन निराळे शब्द आहेत. आपणहि 'काल' आणि 'उद्यां' हे दोन वेगळे ठेवलेच आहेत. हिंदी बोलणारे बांधव 'कल' या एकाच शब्दांत दोन्ही बसवितात. म्हणजे एका दिवसापुरते आपण सावध राहिलों आणि दुसऱ्या दिवशीं आपल्याला झोप लागली, असाच याचा अर्थ.

वाक्यांत क्रियापद असेल तोंवर हा शब्द निरुपद्रवी असतो. 'परवां आले' आणि 'परवां येतील' यांत कोणी चुकत नाहीं. परंतु घाईच्या वेळीं घरांत क्रियापद उच्चारण्याइतकी सवड कोणाला असते? एक भाऊ दारांतून निघतांना, दुसरा दाढी करतांना, आणि दोघांच्या मध्यें शिट्टी देणारा कुकर, अशा स्थितींत जो संवाद होतो तो बहुधा षष्ठी विभक्तींतच आटोपतो. आमच्या परिचयाच्या एका घरीं धाकट्या बंधूंनीं असेंच निघतां निघतां विचारलें, "दादा, परवांच्या पाहुण्यांचें काय?" दादांच्या मनांत दोन दिवसांपूर्वीं जेवून गेलेले मामा होते. ते म्हणाले, "झालें कीं सगळें व्यवस्थित!" धाकट्या बंधूंच्या मनांत मात्र दोन दिवसांनीं प्रथमच यावयाची आपल्या मुलीच्या सासरची मंडळी होती. त्यांनीं समजूत करून घेतली, कीं वहिनींनीं स्वयंपाकाचें ठरवून टाकलेलें दिसतें. दोन्ही जावा, म्हणजे ज्यांना तो स्वयंपाक करावयाचा होता त्या, या संभाषणांत कोठेंच नव्हत्या. तिसऱ्या दिवशीं दुपारीं बारा वाजतां सात माणसें पेढ्यांचा पुडा घेऊन दारांत उभीं राहिलीं, आणि स्वयंपाकघरांत सकाळच्या पिठल्याची एक वाटी शिल्लक होती. या गोष्टीस आतां चार वर्षें झालीं. मुलगी सुखांत आहे. परंतु तिच्या सासूबाई त्या घरीं जावयाचें झालें म्हणजे अजून "जेवूनच निघूं या" असें म्हणतात, आणि त्या तसें कां म्हणतात हें सर्वांना ठाऊक असून कोणी बोलत नाहीं.

'परवां'चा तिसराहि एक अर्थ आहे, पण तो केवळ आजोबांपुरता. "परवांपरवांपर्यंत येथें शेत होतें" असें ते म्हणतात, आणि तेथील इमारतीला दुसऱ्यांदां रंग देऊनहि दहा वर्षें झालेलीं असतात.

एका अक्षरानें काय होतें हें महाराष्ट्राला शिकवावें लागत नाहीं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि 'धरावें' या शब्दांतील 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका तेव्हांपासून आपल्या बोलण्यांत म्हणीसारखी रुळली. मात्र त्या आख्यायिकेंत निदान कोणी तरी मुद्दाम लेखणी हातीं घेतली होती. आमच्या-आपल्या घरांतला 'ध' आपण होऊनच 'मा' होतो. त्याला आनंदीबाई लागत नाहींत.

आतां हेंच पाहा, आम्हीं वर 'आमच्या-आपल्या' असें लिहिलें. या दोन शब्दांत जो भेद आहे तो हिंदींत नाहीं आणि इंग्रजींतहि नाहीं; गुजराती, तमिळ, तेलुगू या भाषांत मात्र आहे. 'आम्ही' म्हटलें म्हणजे ऐकणारा उंबऱ्याबाहेर राहतो. 'आपण' म्हटलें म्हणजे तो आंत येतो. इतकें सुंदर साधन हातीं असतां आपण तें किती निष्काळजीपणानें वापरतों! नवी सून आमटी करीत असते. सासूबाई शेजारीं येऊन अत्यंत प्रेमानें सांगतात, "आमच्याकडे आमटींत गूळ घालतात हो." त्यांच्या मतें त्यांनीं गुळाविषयीं माहिती दिली. सुनेच्या कानांवर गूळ पडतच नाहीं. तिला ऐकूं येतें तें 'आमच्याकडे', आणि तिच्या मनांत एक भिंत उभी राहते. दोन दिवसांनीं तीहि कांहीं तरी बोलतां बोलतां "आमच्याकडे चिंच नाहीं, आमसूल घालतात" असें म्हणून जाते, आणि त्या 'आमच्याकडे'चा अर्थ माहेर असल्यामुळें माजघरांतले पांच जण एकदम कान टवकारतात. एका चुलीशीं दोन 'आमच्याकडे' उभे राहिले म्हणजे आमटी कशीहि होवो, जेवण गोड लागत नाहीं. सासूबाईंनीं पहिल्याच दिवशीं 'आपल्याकडे' म्हटलें असतें तर गूळ तेवढाच लागला असता.

कचेरींत या शब्दाचा प्रवास उलट्या दिशेनें होतो. तेथें साहेब 'आपण' म्हणूं लागले कीं सावध व्हावें. "आपण हा अहवाल सोमवारपर्यंत पुरा करून टाकूं" या वाक्यांतील 'आपण' दिसावयास अनेकवचनी असला तरी त्याला हात दोनच असतात, आणि ते साहेबांचे नसतात. सोमवारीं अहवाल पुरा होतो. मंगळवारीं वरिष्ठांपुढें तो ठेवतांना "हा मीं तयार करून घेतला" असें निवेदन होतें; म्हणजे चोवीस तासांत अनेकवचनाचें एकवचन झालें. या मासिकांतील 'आम्ही' म्हणजे नेमके किती जण, अशी पृच्छा कोणी करील म्हणून येथेंच सांगून टाकतों: आम्ही एकटेच आहों. परंतु संपादकांच्या घरची रीत पडली. ती मोडणारे आम्ही कोण?

चूक झाली म्हणजे कचेरींतून कर्ताच नाहींसा होतो. "पत्र पाठवावयाचें राहिलें." कोणाकडून राहिलें? तें आपलें राहिलें! "बिल भरावयाचें राहून गेलें." "कागद कोठेंतरी गेले." जणूं कागदांना पाय होते आणि त्यांना काशीस जावयाचें होतें. घरींहि बशी फुटते, चष्मा तुटतो, दूध उतूं जातें. दिनूनें बशी फोडली असें वाक्य दिनूच्या तोंडून केव्हांहि निघत नाहीं, तें त्याची बहीणच बोलते. आपल्या भाषेची ही सोय दयाळू आहे, आणि भरल्या घरांत ती असावी असेंहि आम्हांस वाटतें. प्रत्येक बशीचा न्यायनिवाडा करूं लागलों तर एकत्र कुटुंबें श्रावणांतच विभक्त होतील. पण 'राहिलें' या शब्दांत एक गोम आहे. ज्याच्या हातून राहिलें तो वाक्यांत नसला म्हणजे आतां तें कोण करणार तोहि वाक्यांत नसतो. पत्र तसेंच मेजावर पडून राहतें, आणि पुढच्या आठवड्यांत पुन्हां 'राहिलें'.

मापांचें प्रकरण मोठें आहे. तें या महिन्यांत थोडक्यांतच उरकतों. आजी 'एक वाटी साखर' म्हणते तेव्हां ती वाटी तिच्या लग्नांतली असते. नात ज्या वाटीनें मोजते ती परवांच (मागच्या परवां) दुकानांतून आलेली असते. लाडू वळत नाहींत यांत नवल नाहीं. १९९९ सालीं अमेरिकेच्या नासा संस्थेचें 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' नांवाचें यान मंगळाशीं पोचतां पोचतां नष्ट झालें, कारण एका पक्षानें रेट्याचे आंकडे पौंडांच्या हिशेबानें दिले आणि दुसऱ्यानें ते न्यूटनांचे समजून वापरले. तेव्हां बिघडलेल्या लाडवांबद्दल कोणीं फार खंत करूं नये.

या सर्वांहून घातक शब्द मात्र आम्हीं राखून ठेवला आहे. तो म्हणजे 'हो'. मराठी 'हो' हा एक शब्द नसून एक कुटुंबच आहे. 'हो' म्हणजे मला पटलें. 'हो' म्हणजे मला ऐकूं आलें, पटलें असें नव्हे. 'हो हो' म्हणजे आतां थांबा. 'हो का?' म्हणजे मुळींच विश्वास नाहीं. 'होऽ' असा लांबविला तर करतों, पण आज नव्हे. हल्लीं कुटुंबाच्या व्हॉट्सॲप-गटावर बोलावयाचेंहि कारण उरलेलें नाहीं. उभा आंगठा पाठविला कीं झालें. काकांनीं लिहिलें, "रविवारीं सर्वांनीं गांवीं जमावें, घराच्या वांटणीचें बोलूं." नऊ आंगठे उभे राहिले. रविवारीं काका आणि काकू दोघेंच ओसरीवर. नऊ जणांनीं निरोप 'पाहिल्याचा' आंगठा दिला होता, 'येतों' असा नव्हे. तार होती तेव्हां शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणूस दहा वेळां विचार करून चार शब्द लिहीत असे. २०१३ च्या जुलैंत आपल्या देशांतली तार बंद झाली. आतां शब्द फुकट झाले आहेत, आणि फुकटच्या वस्तूची होते तशी त्यांची स्थिति झाली आहे.

परंतु 'हो'ची खरी किंमत ओसरीवर चुकविली जात नाहीं. २७ मार्च १९७७ या दिवशीं ॲटलांटिक महासागरांतील तेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुकें उतरलें होतें. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळें तिकडे जाणारीं विमानें येथें वळविण्यांत आलीं होतीं, आणि त्यांत बोईंग ७४७ जातीचीं दोन प्रचंड विमानें होतीं; एक डच कंपनीचें, एक अमेरिकन कंपनीचें. धुक्यामुळें हीं दोन विमानें एकमेकांस दिसत नव्हतीं, आणि मनोऱ्यांतील नियंत्रकाला दोन्हीहि दिसत नव्हतीं. सर्व भिस्त बोलण्यावर होती. डच विमान धांवपट्टीच्या टोकाशीं होतें. अमेरिकन विमान त्याच पट्टीवरून हळूहळू सरकत होतें. डच वैमानिकांनीं रेडिओवरून कळविलें, त्याचा अर्थ 'आम्ही आतां उड्डाणावर आहों' असा कांहींसा होत होता. नियंत्रकाची समजूत झाली, कीं उड्डाणाच्या जागीं उभे आहेत. म्हणणाऱ्याच्या मनांत होतें, कीं निघालों! नियंत्रक 'ओके' म्हणाला आणि लागलाच पुढें 'थांबा, मी सांगेन' असेंहि म्हणाला. पण नेमकें त्याच क्षणीं अमेरिकन विमानहि बोललें आणि दोन आवाज एकमेकांवर आदळून डच विमानांत कर्कश शीळ तेवढी ऐकूं आली. स्पष्ट पोचलें तें 'ओके' एवढेंच. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर 'हो'.

यापुढची गोष्ट आमच्या मनांतून जात नाहीं. त्या डच विमानांतल्या अभियंत्याला शंका आली. तें अमेरिकन विमान पट्टीवरून बाजूला झालें नाहीं काय, असें त्यानें विचारलें. मुख्य वैमानिक त्या कंपनींतील अत्यंत वरिष्ठ आणि मानी गणला जाणारा गृहस्थ. त्यानें ठांसून 'हो' म्हटलें. अभियंता त्यानंतर तो प्रश्न बोलला नाहीं. कांहीं क्षणांत दोन्ही विमानें एकमेकांवर आदळलीं आणि ५८३ माणसें प्राणांस मुकलीं. विमानोड्डाणाच्या इतिहासांत एका अपघातांत इतकीं माणसें दुसऱ्या कोठें गेलीं नाहींत. त्यानंतर विमानांच्या जगांत नियम कडक झाले. 'टेक-ऑफ' हा शब्द परवानगी देतांना किंवा ती रद्द करतांनाच उच्चारावयाचा, एरव्हीं नाहीं. आणि आज्ञा मिळाली म्हणजे नुसतें 'ओके' म्हणावयाचें नाहीं, तर काय ऐकलें तें जसेंच्या तसें परत म्हणून दाखवावयाचें.

हें वाचतांना आमच्या वाचकभगिनींना आपल्या आजीची आठवण झाली असेल. नातवाला वाण्याकडे पाठवितांना आजी काय करीत असे? "पावशेर गूळ, अर्धा शेर तूरडाळ, दोन पैशांचे वेलदोडे, म्हण पाहूं!" आणि नातवानें तें सर्व म्हणून दाखविल्यावांचून त्याच्या हातावर पैसे पडत नसत. विमानविद्येच्या पंडितांनीं एवढी किंमत मोजून जो नियम कडक केला, तो आपल्या माजघरांत कोणीं न शिकवितां चालू होता.

चालू होता खरा, पण तो एकाच दिशेनें. आजीनें नातवाला विचारावें. नातवानें आजोबांना विचारावयाचें नाहीं. वडील माणूस "परवां जाऊन ये" म्हणाले असतां "परवां म्हणजे वारानें कोणता?" असें सुनेनें विचारलें तर तें 'उलट विचारणें' होतें, आणि मुलानें विचारलें तर 'एवढेंहि कळत नाहीं?' असा प्रतिप्रश्न येतो. कचेरींत साहेबांना विचारलें तर कारकुनाची अक्कल दिसते, आणि न विचारलें तर त्याचा विनय दिसतो. मग तो विनयच पसंत करील यांत काय शंका! डच विमानांतला तो अभियंता आपल्याकडच्या एखाद्या घरीं वाढला असता तर त्यानें मुळांत पहिलाच प्रश्न केला नसता, असें आम्हांस वाटतें. तेव्हां विचारण्याचें ओझें धाकट्यांच्या डोक्यावर टाकण्यांत अर्थ नाहीं. ज्याचा शब्द घरांत चालतो त्यानेंच म्हणावें, "मी काय सांगितलें तें एकदां सांग पाहूं; मीच कांहीं गाळलें असेल." शेवटचे चार शब्द म्हणावयास जड जातात हें आम्ही जाणतों. 'गाळलें' ऐवजीं 'राहिलें' म्हटलें तरी चालेल. त्या शब्दाचा एवढा तरी उपयोग व्हावा.

औषधांच्या बाबतींत मात्र असा संकोच कोणींहि धरूं नये. आमवातावर मेथोट्रेक्सेट नांवाचें एक औषध देतात. तें आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. समजुतीच्या घोटाळ्यानें तें रोज घेतलें गेल्यामुळें रोगी दगावल्याचीं उदाहरणें वैद्यकीय ग्रंथांत नमूद आहेत. 'आठवड्यांतून एकदां' हे शब्द डॉक्टरांकडून मुलाकडे, मुलाकडून सुनेकडे आणि सुनेकडून आजींकडे जातां जातां त्यांतला 'आठवडा' केव्हां गळून पडतो हें कळतहि नाहीं. म्हणून चांगले डॉक्टर 'आठवड्यांतून' असें मोघम न सांगतां एक वार ठरवून देतात आणि तो कागदावर अक्षरांत लिहून देतात.

आमच्या परिचयाचे एक वयोवृद्ध निवृत्त मुख्याध्यापक आपल्या पत्नीस घेऊन अशाच एका डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. बाईंनीं दोन गोळ्या दिल्या. एक हें औषध, फक्त सोमवारीं. दुसरी फॉलिक ॲसिडची, सोमवार सोडून इतर दिवशीं. दोन्ही लहान, दोन्ही पिवळ्या. सर्व समजावून झाल्यावर बाई नम्रपणें म्हणाल्या, "सर, मीं नीट सांगितलें कीं नाहीं, तें मला कळावें म्हणून आपण एकदां सांगतां का?" मुख्याध्यापकांना तें आवडलें नाहीं. "चाळीस वर्षें मी मुलांना हेंच विचारीत आलों," असें ते म्हणाले, परंतु बाई पेन हातांत धरून थांबल्या होत्या, तेव्हां त्यांनीं चष्मा सांवरून, वर्गांत उभें राहावें तसें ताठ बसून, स्पष्ट उच्चारांत उत्तर दिलें: "ही रोज सकाळीं, आणि ती फक्त सोमवारीं."

बोट उलट्या पाकिटांवर होतें.

खोलींत कोणी कांहीं बोललें नाहीं. मग आजींनींच पर्समधून पेन्सिल काढली, दोन्ही पाकिटें आपल्याकडे ओढून घेतलीं आणि म्हणाल्या, "बाई, आतां मला सांगा. मी म्हणून दाखवितें."